पंच क्रमांक एक

मी पाटबंधाऱ्यातला. बोरी प्रकल्प, शाखा पारोळा.
साहेब म्हणाले, जळगावहून माणसं आलीत, पंच म्हणून जा.
कुणाविरुद्ध, ते विश्रामगृहावर गेल्यावर कळलं.

टेबलावर सहा नोटा, पाचशेच्या.
हवालदार त्यांना कापसाच्या बोळ्याने पावडर लावत होता,
आंघोळीनंतर लेकराला लावतात तशी, उलटून पालटून.
नंबर मी वाचले, दुसऱ्या पंचाने लिहिले.
शमीम पिंजारी भिंतीला टेकून उभा.
गाद्यांच्या दुकानावर बापाच्या जागी त्याचं नाव लागायचं होतं,
बाप जाऊन अकरा महिने.
"मागितल्याशिवाय हात लावायचा नाही.
दिल्यावर टोपी काढायची."

आधी आम्हा सगळ्यांचे हात ग्लासात बुडवून पाहिले.
माझेही. पाणी पाण्यासारखंच राहिलं.
(शनिवारी चारीवरून परतताना
कुणीतरी सायकलला भरताची वांगी अडकवून ठेवतं,
वर मूठभर हिरवी मिरची.
त्या पाण्याला वांगी कळत नाहीत.)

निकुंभ नकाशावर पट्टी धरून बसलेले.
मान वर न करता म्हणाले, "ते लई उना का?"
शमीम म्हणाला, "हाव भाऊ."
मग नोटा, मग ड्रॉवर, मग टोपी,
मग त्या खोलीत इतकी माणसं की नकाशा पायाखाली गेला.
निकुंभांचा उजवा हात ग्लासात घातला
आणि पाणी गुलाबी झालं,
शाळेच्या गॅदरिंगमधल्या सरबतासारखं.
ते आपल्या हाताकडे पाहत राहिले,
कुणी सांभाळायला दिल्यासारखं.

खटल्याची मंजुरी यायला चौदा महिने.
मग सहा वर्षं तारखा.
शमीमचं नाव पंधरा दिवसांत लागलं होतं,
निकुंभांच्या जागी आलेल्याने चहाही न घेता लावलं.
अमळनेरच्या कोर्टात शमीम म्हणाला,
पैसे उसनवारीचे होते, परत केले.
सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून घेतला.
पिंजऱ्यातून उतरताना माझ्याजवळ थांबला :
"गावमाच ऱ्हानं शे ना, भाऊ."

उरलो मी.

बचावाचे वकील फार हळू बोलायचे.
"'ते' म्हणजे काय? कागद? फोटो? मृत्यूचा दाखला?"
पैसे, मी म्हणालो.
"पैसे हा शब्द तुम्ही ऐकलात?"
नाही.
टायपिस्टने लिहिलं : पैसे हा शब्द ऐकला नाही हे खरे आहे.
'लई उना'चं त्याने आधीच 'आणले' करून टाकलं होतं.
मला सांगायचं होतं, मागणाऱ्याचं 'ते' वेगळं असतं.
ते दाराच्या आत पडतं, वाकून उचलावं लागतं,
आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही उचलता येतं.
पण साक्षीत आवाज लिहायला रकाना नसतो.

मग बाटली आली.
लाखेचं सील शाबूत, माझी सही शाबूत,
आतलं पाणी बिनरंगी.
"हे गुलाबी आहे?"
आज नाही.
"आणि आज तुम्ही शपथेवर आहात."
तेव्हा गुलाबी होतं, म्हणालो.
आवाज जरा मोठाच निघाला.
न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.
शेवटच्या बाकावर निकुंभांची बायको
पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, सोडत होती.

निकाल राखून ठेवला.

संध्याकाळच्या पारोळा गाडीत आम्ही सगळेच,
दुसरी गाडी नव्हती.
कंडक्टर म्हणाला, सुटे तीन द्या.
मागच्या सीटवरून एक हात पुढे आला,
पाचाचं नाणं, नखं नीट कापलेली.
"घ्या हो. द्याल केव्हातरी."
नको, म्हणालो, पण नाण्याकडे पाहिलं मी.
कंडक्टरने वैतागून तिकिटाच्या पाठीवर लिहिलं : बाकी ७.

उतरताना मागायचं राहून गेलं.
तिकीट पाकिटात आहे.
छापलेलं सगळं उडून गेलंय,
निळ्या पेनाचा सात अजून दिसतो.