चौथी टिटवी

हिद्दच्या गोदीत पंपांनी चार तासांत समुद्र उपसला.
टिटवीला चोचीनं जे जमलं नव्हतं
ते एका फिलिपिनो पोरानं बटण दाबून केलं,
आणि टिटवीच उघडी पडली,
ठोकळ्यांवर, पोटाला शिंपले.

मी शाफ्ट बघायला आलोय.
होर्मुझमधून सोळा टँकर सोबतीनं पोचवले तिनं,
एक गोळी न झाडता. बेअरिंग मात्र गेलं.

जेवणघराबाहेर पितळी पाटी:
पहिली टिटवी, सागवानी गलबत,
दाभोळच्या खाडीतोंडाशी स्वतःच्याच दारूनं जळाली.
दुसरी याच आखातात ओळंबा सोडत फिरली,
तीन उन्हाळे.
तिसरी सुरुंग शोधायची. एक सापडला.
पुढं पितळ कोरं आहे.

‘असलं अपशकुनी नाव ठेवतं का कुणी?’
चीफ कालसेकर म्हणाले.
‘गावाकडं ती ओरडली की आम्ही थुंकतो.’
थुंकले नाहीत. पाटी बाहीनं पुसली.

नकाशात, मुहर्रकच्या वर, बारीक अक्षरांत
दुसरीचा आकडा अजून आहे:
सात वाव, तळ शिंपल्यांचा.
नाळेवरून कुणी खलाशी ओरडला असेल तो,
दोर ओला, घसा कोरडा.
आकडा उतरवून घेतला. त्याचं नाव विचारलं नाही.

रात्री तिच्या पात्याला टेकून डबा खाल्ला.
मग वेल्डिंगच्या खडूनं, तळाच्या पत्र्यावर,
हात पुरेल तिथं लिहिलं: सात वाव.

रंगवाले सकाळी सहाला येतात.