सातवी रांग

सिमरोलच्या घाटाआधी, डाव्या हाताला,
शिवणीची अडीच एकर. इकडे खमेर म्हणतात.
एक ते सहा रांगांत निंदणी.
सातवी तशीच सोडायची.
कागदावर तिचं नाव : तुलनेसाठी.

मी रामबागेतून पहिल्या बसनं येते.
पिशवीत कॅलिपर, वही, पोळीभाजी.
मातीपासून दोन बोटं वर बुंधा धरते,
मिलिमीटर वाचते.
सहावीत : अकरा, बारा, साडेअकरा.
सातवीत : चार. साडेचार. चार.
सापडलं नाही.

भाद्रपदात वाटलं होतं, उंचीला तरी मागे नाहीत.
पण गाजरगवताच्या वर डोकं काढायला
ती नुसती ताणली होती,
गर्दीत फोटोसाठी टाचा उंचावणाऱ्या पोरांसारखी.
बोट लावलं की आडवी.

सुरमीबाई खुरपं घेऊन सहावीच्या कडेला थांबते.
"हिलाच कसली सजा, बाई?"
कळायला हवं ना, मी म्हणते, गवत किती खातं ते.
ती हसते.
"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

खाताना दिसत नाही ते.
हराळी कुणाला ढकलत नाही, तिचा आवाज नाही.
वीतभर खाली पांढऱ्या मुळ्यांची जाळी,
झिरपणारं पाणी आधी तिच्या दारावरून जातं.
उरलं तर पुढे.
दिवाळीत काळी माती फाटली
तेव्हा भेगांत हात घालून पाहिला :
सहावीत मनगटाशी ओल लागली,
सातवीत कोपरापर्यंत कोरडं.

आणि राग तरी कुणाचा करायचा?
केन्याचं निळं फूल इतकं नीटस
की मी एक वहीत ठेवलं, मोजणीच्याच.
गवत कुणाचं वाईट चिंतत नाही.
त्याला चारच महिने आहेत,
एवढंच.

त्याच आठवड्यात सातवीतलं एकोणिसावं
दोन पानांवर आलं होतं.
सुरमीबाई पाणी प्यायला गेली.
मी गुडघे टेकले,
खुरप्याशिवाय, नुसत्या बोटांनी
हातभर गोल मोकळा केला.
घरी भात कालवतानाही नखांना वास.

फाल्गुनात त्याचा बुंधा : साडेपाच.
आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन धरून
बस चुकेपर्यंत बसले.
मग सावकाश लिहिलं, अक्षर सुधारून :
हे तुलनेत धरू नये.
याला हात लागला आहे.