जुन्या कार्डांच्या मागे

अचाओच्या वाचनालयात संगणक तीन.
एक उठत नाही, एक बसत नाही,
तिसऱ्यावर गावाचा कारभार.
बाहेर चिलोए बेटांचं आभाळ,
पिळायची राहिलेली लोकर.

लोक दारातूनच विचारतात,
एर्सिरा, बघण्यासारखं काही आहे का?
जसं धक्क्यावर विचारावं, आज ताजं काय.

पुस्तकांची जुनी कार्डं मी फेकली नाहीत.
जी पुस्तकं ओल येऊन गेली,
जी कुणी नेली ती नेलीच,
त्यांच्या कार्डांच्या मागे मी पत्ते लिहून देते.
म्हणून मधमाशापालनाच्या पाठीवर
भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
आणि एका हरवलेल्या कादंबरीमागे
बटाटे. दोनशेच्या वर जाती,
प्रत्येकीचा फोटो, सालीसकट आणि सोलून.
ओतिलिया ते पाहून माझ्याशीच भांडली,
आमच्या बांधावरचा जांभळा यात कसा नाही?
मग तिनेच फोटो काढून पाठवला.
आता आहे. बटाट्याबरोबर
तिचा अंगठाही आलाय.

देण्याआधी मी त्या घरी स्वतः जाऊन येते.
ओले बूट ठेवायला जागा आहे का,
घरचं माणूस सरळ बोलतं का,
की उंबरठ्यावरच चौघं अंगावर येतात,
घड्याळ घ्या, कर्ज घ्या, दात पांढरे करा,
आणि दार लावायची फुली
कुठल्या कुठे दडवलेली.
भीक नको पण कुत्रं आवर!
तिथून मी मागे फिरते.
पोरांना तर त्या गल्लीच्या तोंडाशीही नेत नाही.

येर्को, वय नऊ, त्याला हवी होती लढाई.
मी दिल्या गाठी.
दोरी हळूहळू स्वतःभोवती वळते,
हवं तिथे थांबवता येते, उलटी नेता येते.
महिन्याभरात त्याने धक्क्यावरच्या सगळ्या होड्या
अशा बांधल्या की त्याच्या बापाला
पहाटे चाकू काढावा लागला.
तक्रार माझ्याकडे आली.
मी म्हटलं, सोडवायचं पान
पुढच्या आठवड्यात देणार होते.

बाउदिलिओ कार्कामो म्हणाले,
जिथे कुणी ओरडत नाही असं काही दे.
मी पुष्कळ शोधलं.
शेवटी सापडला पुंता अरेनासच्या बंदरावरचा एक कॅमेरा,
रात्रंदिवस उघडा, आवाज नाही,
नुसतं राखाडी पाणी, येणारी-जाणारी जहाजं
आणि कोपऱ्यात सुईएवढी क्रेन.
त्यांची मुलगी ती क्रेन चालवते.
हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही.
फक्त दर गुरुवारी भाकरीचं गाठोडं घेऊन येतात,
मी नियमाची पाटी दाखवते, ते मान डोलावतात.
एक वाजता सुई थांबते.
ते गाठोडं सोडतात.
मग दीड वाजता तुकडे झटकून उठतात,
आम्ही जेवलो, म्हणतात, येतो.

मी पाटी काढून ठेवली आहे. गुरुवारपुरती.

आणि एक पत्ता मी अजून कुणाला दिला नाही.
पाखरांचे आवाज आहेत तिथे, हजारो,
कुठल्या रानात, किती वाजता, वारा होता का,
सगळं लिहिलेलं.
त्यात आमचा चुकाओ.
तो उजवीकडून बोलला तर दिवस चांगला,
डावीकडून बोलला तर निघालेल्याने घरी परतावं,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
पण हेडफोन लावला
की तो दोन्ही कानांत एकदम बोलतो.
आता काय समजायचं?
पाद्रीबाबांना विचारलं, ते हसले.
ओतिलियाला विचारलं, ती हसली नाही.

मी आपली डावा कान उघडा ठेवून ऐकते.
तुम्हीही तसंच करा.
कार्ड उलटा,
पत्ता मागे आहे.