खालचा कप्पा

रविवारी दुपारी अद्वयची खोली आवरायला काढली.
पलंगाखालून निघाले तीन मोजे, तिन्ही वेगळ्या जोड्यांचे,
उत्तरायणातली अर्धी फिरकी,
लिल्या चिवड्यातून निवडून टाकलेले बेदाणे
आणि एक पाऊल, ज्याचा डायनासोर सापडला नाही.

मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.
जड ते खाली, हलकं वर.
जिथून घेतलं तिथेच ठेवायचं,
हे माझ्या आईचं वाक्य
माझ्या तोंडून तिच्याच सुरात बाहेर पडलं.
अद्वय मान हलवत होता. सात वर्षांची शहाणी मान.

संध्याकाळी पाहतो तर
खालचा कप्पा रिकामा, पुसून घेतल्यासारखा.
ॲटलास, ठोकळे, बुटांचं खोकं, सगळं
स्टुलावर चढून वरच्या फळीवर कोंबलेलं.
"अरे, मघाशी काय ठरलं होतं?"

"पण बाबा, विश्वामित्री इथपर्यंत येते ना."
आणि त्यानं भिंतीवर बोट ठेवलं,
रंगाऱ्यानं दोन हात मारूनही
पुरत्या न झाकलेल्या रेघेवर.

समाच्या या सोसायटीत
आमचा फ्रिज अजून विटांवर उभा आहे,
कागदपत्रं माळ्यावर.
मी शिकवायला बसलो त्याच्या कितीतरी आधी
तो शिकून मोकळा झाला होता.

चिठ्ठ्या उपटल्या. जड वर, हलकं खाली.
खालच्या कप्प्यात काय ठेवायचं, यात बराच वेळ गेला.
शेवटी त्यानं प्लास्टिकची मगर ठेवली.
म्हणाला, "हिला पोहता येतं."