मेल्यावर कसली घाई

पळणारा झॉम्बी मला मान्य नाही.
जिता असताना माणूस पळतो तेवढं बास,
मेल्यावर कसली घाई?
झॉम्बी पाहिजे चिकोडीच्या शेवटच्या गाडीतनं उतरल्यागत:
एक पाय झोपलेला,
घर कुठल्या बाजूला ते आठवत नाही,
पण चालायला लागलेला.

आणि पैसा नको. पैसा आला की घाण झाली.
कोटी खर्चून केलेली आतडी बघितल्यात मी,
काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखी, लांबनंच बघायची.
आमच्या दुंडाप्पानं रक्त केलं काकवीत तिखट कालवून.
ब्याडगी आण म्हटलं होतं, रंगाला.
त्यानं आणली संकेश्वरी. घरची, फुकटची.
पहिल्याच शॉटला चारही मुडदे डोळे चोळत नळाकडं पळाले
(पळाले, हो. तेवढं चालतंय).
मी म्हटलं, हा खरा झॉम्बी. झोंबला.

शूटिंग निपाणीतच, बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीत.
भाडं: राखणदाराला रोज दोन चहा.
माल जाऊन पंधरा वर्षं झाली,
तंबाखू अजून भिंतीत.
मेलेले उठायचे, दोन पावलं यायचे
आणि शिंकायचे.
कॅमेऱ्यामागनं कुणीतरी सवयीनं "शतंजीव" म्हणालं,
तेही रेकॉर्ड झालंय.
दुंडाप्पा म्हणाला, कापतो.
कापलास तर मैत्री तुटली, म्हटलं.

डायलॉग नाहीत, म्हणून डबिंगचा खर्च नाही,
आणि पिक्चर कुठल्या भाषेतला
हे विचारायला कुणी आलं नाही.
आमच्याकडं ही लहान गोष्ट नव्हे.

गेमचं वेगळं. तो संकेश्वरच्या मल्लेशीनं एकट्यानं केला,
जुन्या लॅपटॉपला टेबलफॅनचा वारा देत देत.
झॉम्बी दोनशे, तोंडं तीन.
तिन्ही त्याच्या मामांची.
स्टँडमागच्या भिंतीत एक मामा कंबरेपर्यंत अडकतो
आणि तिथंच हात हलवत राहतो.
लोक म्हणतात, चूक आहे, दुरुस्त कर.
मी अख्खी लेव्हल सोडून त्याच्यासमोर उभा राहिलोय,
बॅटरी संपेपर्यंत.
गोळी घातली नाही.
गोळ्याही कमीच असतात म्हणा.

एक विनंती, अर्थ सांगत येऊ नका.
झॉम्बी म्हणजे व्यवस्था, झॉम्बी म्हणजे मोबाईलवाली पिढी.
माझं मोबाईल रिपेअरीचं दुकान आहे,
पिढी मला रोज काउंटरवर भेटते, चांगली आहे.
झॉम्बी म्हणजे मेलेला माणूस, उठलेला.
याहून मोठं काय पाहिजे तुम्हाला?

राहता राहिली आक्काताई.
चौथा मुडदा. वय पासष्ट, विड्या वळणारी,
शंभर रुपये आणि वडापाववर आलेली.
मेकअपला मी होतो. तोंडाला राख लावली,
कुंकू पुसायला गेलो तर हात झटकला:
"मालक जिता हाय माझा.
अहेव मेलीया मी. कुंकू ऱ्हातंय."
मी रुमाल खिशात घातला.
कोटीवाल्यांत कुणाला सुचलंय हे?

तिला सांगितलं होतं, हात पुढं, बोटं वाकडी, बास.
ती आली. हळू. जसं यायला पाहिजे तसं.
पण हात पुढं नव्हते,
खाली, सुपाच्या उंचीवर,
आणि बोटं चालू:
नसलेलं पान, नसलेली चिमूट,
गुंडाळ, दुमड, दोरा.
नंतर विचारलं तर म्हणाली, कुठं काय?

पिक्चर बारा मिनिटांचा. बरा आहे, फार बरा नाही.
तिचा शॉट एकोणीस सेकंद, मोजलाय मी.
तेवढ्यात एक विडी होते तिची,
आणि कॅमेऱ्याबाहेर जाताना
दुसरी सुरू झालेली असते.