कमांडर गाबेर, आंघोळीच्या दिवशी

दर एप्रिलात, समारंभाच्या आदल्या दिवशी
नगरपालिका मला शिडी देते, बादली देते
आणि सांगते, कमांडरला स्वच्छ कर.

मी कानांमागून सुरू करतो,
कबुतरांचं तिथे सगळ्यात जास्त साचतं.
मग कॉलर, मग दुर्बीण, मग तो पुढे केलेला हात
जो पूर्वी डोंगराकडे होता.
रस्ता रुंद केला तेव्हा चौथरा फिरला,
आता तो पेट्रोल पंप दाखवतो.

बूट मात्र चकचकीतच असतात. पोरं चढतात ना त्यांच्यावर.
"बूट कुठले!" खालून मिलोय्का म्हणते,
"पोत्याचं फडकं असायचं गुंडाळलेलं. डाव्या पायाला तेही नाही."

मिलोय्का एक्याण्णव वर्षांची.
त्या हिवाळ्यात दहाची होती,
पावाच्या पोटात चिठ्ठ्या घालून पूल ओलांडायची,
जर्मन पहारेकऱ्याला हसून दाखवत.

चौथऱ्यावर कोरलंय: एकशे बारा माणसं
एका रात्रीत त्याने गावाबाहेर काढली, जराही आवाज न होता.
आवाज का नाही झाला
ते कोरलेलं नाही.

ते मला मिलोय्कानेच सांगितलं, एकदाच,
सफरचंद सोलावं तसं, मधे साल न तुटू देता.
आदल्या संध्याकाळी हुकूम आला,
गावात एकही कुत्रा भुंकता कामा नये.
तेवीस कुत्रे. गोळ्या वाया घालवायच्या नव्हत्या.
तिचा मूरी, काळा, एक कान आखूड,
त्याला खुद्द गाबेर घेऊन गेला गोठ्यामागे.
दोर तिनेच दिला.
परतला तेव्हा अंगठ्याखाली चावा होता,
म्हणाला, "शेपूट हलवत होता."
पुढे त्यावर चकार शब्द नाही,
आणि मार्चमध्ये तो स्वतःच पुलावर पडला.

आई वाचली, दोन्ही भाऊ वाचले.
"मग?" मी विचारलं.
"मग काय," ती म्हणाली, "वाचलो."

उद्या बँड येईल, महापौर येईल, पुष्पचक्रं,
शाळेतली मुलं तोच तो परिच्छेद वाचतील.
मिलोय्का पदक लावून पहिल्या रांगेत बसेल,
टाळ्या वाजवेल. मनापासून, मला वाटतं.

मी अंगठ्याखाली दरवेळी बोट फिरवतो.
शिल्पकाराला माहीत नसणार.

चौथऱ्याच्या उन्हाच्या बाजूला एक भटकं कुत्रं निजतं.
मिलोय्का त्याच्यापुढे पाव ठेवते,
आधी मोडून, आत बघून. सवय.
मी पाण्याचा पाइप सोडला की ते दचकून उठतं
आणि कमांडरच्या तोंडावर भुंकत सुटतं.
आम्ही दोघं त्याला भुंकू देतो.