रुग्ण क्रमांक सतरा

माझा डावा डोळा छापून आलाय.
पान तीनशे बारा, आकृती दोन, उजवीकडची.
खाली नाव नाही.
पुरुष, वय चौतीस, यंत्रमाग कामगार, सोलापूर. एवढंच.

त्या साली माग चार महिने बंद होते,
म्हणून मेहुण्याच्या रानात गेलो, मंगळवेढ्याला, ज्वारी काढायला.
हाताला धोट्याची सवय, विळ्याची नाही.
वाळकी पात सपकन डोळ्यात गेली.
मेडिकलवाल्यानं थेंब दिले: दोन दिवसांत लाली जाईल.
लाली गेली खरी.
आठव्या दिवशी बुबुळावर साय धरली
आणि भिंतीवरचं कॅलेंडर तारखांसकट विरघळलं.

डॉक्टर वसुंधरा म्याकल.
सिव्हिलची ओपीडी, एकच पंखा, तोही रांगेच्या दुसऱ्या टोकाला,
विड्या वळणाऱ्या बायका पदरानं डोळे टिपत बसलेल्या.
बाईंनी बारीक पातं घेतलं,
‘कदलकु,’ म्हणाल्या, आमच्या घरच्या भाषेत,
आणि बुबुळ खरवडलं.
ते काचपट्टीवर, वर पोटॅशचा एक थेंब.
मग म्हणाल्या, ये, बघ. चांगल्या डोळ्यानं.

आत धागे होते.

जन्मभर सूत बघितलेला माणूस मी.
म्हटलं, बाई, हा ताणा नाही, बाणाही नाही,
फाटे फुटलेलं दारम आहे, पेरापेरानं वाढलेलं.
असलं सूत आमचा शेठ परत पाठवतो.
त्या हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं.

लेखही दोनदा परत आला,
रेकॉर्डरूमच्या इरप्पानं सांगितलं मला, पुढं कधीतरी.
एकानं विचारलं, हे गाव नकाशात कुठं येतं?
दुसऱ्यानं, एवढे रुग्ण एका बाईनं एका खोलीत तपासले कसे?
तिसऱ्यानं काही विचारलं नाही, छापला.

धाकटी माझी, भाग्यरेखा, फार्मसीला आहे.
तिनं परवा मोबाईलवर दाखवलं:
बाईंचे एकेचाळीस लेख,
आणि या एकाचा उल्लेख सहाशे अठरा ठिकाणी.
केनिया. ब्राझील. एक जपानी, उभ्या अक्षरांचा.
एवढा फिरला माझा डोळा,
मी गुलबर्ग्याच्या पुढं गेलेलो नाही.
एका ठिकाणी म्याकलचं मायकेल झालंय,
तिथं बाई पुरुष आहेत.

केनियाला पोचलेला लेख
मंगळवेढ्याच्या त्या मेडिकलपर्यंत मात्र पोचला नाही.
आता मुलगा बसतो गल्ल्यावर. थेंब तेच.

पण मागच्या आठवड्यात मोहोळला होतो,
सरकारी दवाखान्यात, भाच्याच्या पोराला घेऊन.
त्याच्याही डोळ्यात कणसाचं कूस.
डॉक्टर पोरगेलासा, शर्टाची बाही शाईनं भरलेली.
थेंबाला हात लावला नाही त्यानं.
आधी पातं. आधी काच.
विचारलं, हे कुणी शिकवलं?
म्हणाला, काका, पद्धतच आहे ही.
कुणाची?
पद्धत कुणाची नसते, म्हणाला,
आणि डोळा काचेला लावून गप्प झाला.

परत येताना उतरलो सात रस्त्याला.
बाई आता घरीच असतात,
स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षं पुढं ढकलतायत.
सगळं सांगितलं. सहाशे अठरा सांगितले, मायकेल सांगितला.
‘हं,’ म्हणाल्या.
मोहोळचं सांगितलं तेव्हा चष्मा काढला:
‘पातं कसं धरलं होतं त्यानं? आडवं की तिरकं?’
मला नीट आठवेना.
टेबलावरची पेन्सिल उचलून दाखवायला लागलो,
त्यांनी माझं मनगट धरलं, थोडं खाली वळवलं.
‘असं होतं?’
असंच असावं, म्हटलं.
‘असावं नको,’ बाई म्हणाल्या, ‘सोमवारी बस कितीला आहे मोहोळची?’